यंत्र कुणाचे, घाम कुणाचा? सांगानेरच्या निमित्ताने

रेल्वेच्या पासावर किंवा एल.टी.सी. घेऊन जयपूरला जाऊन आलेल्या आपल्या अनेक सभासदांच्या घरी सांगानेरी छापाची एखादी चादर, रजई किंवा ओढणी असेलच. मुंबईहून कोटा, सवाई माधोपूर या मार्गाने जयपूरला जाणारी गाडी जयपूर गाठण्यापूर्वी ज्या सांगानेर स्थानकावरून पुढे जाते, तेच हे गाव. एके काळी ते जयपूरच्या दक्षिणेला वेगळे वसलेले होते. आज शहर पसरत पसरत त्याला गिळून पुढे गेले आहे आणि जयपूरचा विमानतळही सांगानेरातच आहे. पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर बारीक रेषांची फुलांची बुटी, ही सांगानेरी छापाची ओळख. ही ओळख निर्माण केली ती छिपा समाजाच्या कारागिरांनी, पिढ्यान् पिढ्या लाकडी ठसे उचलून.

आधुनिक उत्पादन पद्धती कामगाराच्या हिताची की अहिताची, हा प्रश्न आपल्या प्रत्येक शाखेच्या सभेत कोणी ना कोणी विचारतोच. त्यावर दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक, यंत्र आले की नोकरी गेली, म्हणून यंत्राला विरोध करा. दुसरे, यंत्र ही प्रगती आहे, तिच्या आड येऊ नका. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. सांगानेर या एकाच गावात हाताचा ठसा, जाळीचा स्क्रीन, संगणकावर चालणारे छपाई यंत्र आणि हातकागदाचे कारखाने एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. म्हणून पुस्तकी वाद बाजूला ठेवून या गावाकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

जुनी पद्धत आधी समजून घेऊ. लांबच लांब टेबलावर जाड आच्छादन घालून त्यावर कापड ताणून बसवायचे. चाकांच्या छोट्या गाड्यावर रंगाची तबकडी ठेवायची, ती बरोबर सरकवत न्यायची. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर बरोबर जागेवर ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर मुठीने ठोका द्यायचा. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा ठसा म्हणजे रेख, पार्श्वभूमीचा गद, आणि आत रंग भरणारा दत्ता. जितके रंग तितके ठसे आणि तितक्या वेळा संपूर्ण कापडावरून फेरी. ठसे कोरणारा कारागीर वेगळा, छापणारा वेगळा, धुणारा-रंगवणारा वेगळा. म्हणजे श्रमविभागणी यंत्राने आणली असे नाही, ती येथे आधीपासूनच होती. फरक इतकाच, की प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाच्या हातात त्याचे कसब होते आणि ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

पण या जुन्या पद्धतीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. दिवसभर उभे राहून ठोके देणाऱ्याची कंबर आणि मनगट दुखतेच. मजुरी उक्ती, म्हणजे जितके काम तितके पैसे. आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. माल व्यापाऱ्याचा, बाजार व्यापाऱ्याचा, भावही त्याचाच. शिवाय कसब जातीच्या आणि कुटुंबाच्या भिंतीआड. बाहेरच्या गरीब मजुराला त्यात शिरकाव नव्हता. कारागिरीचे कौतुक करणाऱ्या शहरी मंडळींना हे दिसत नाही. कामगार चळवळीला ते दिसलेच पाहिजे.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सांगानेरमध्ये स्क्रीनची छपाई आली. चौकटीवर ताणलेली जाळी, नक्षीची जागा सोडून बाकी बंद केलेली. ती कापडावर ठेवायची आणि रबराच्या पट्टीने रंग ओढायचा, की जिथे ठशाचे अनेक ठोके लागत तिथे एका ओढीत काम होते. माल झपाट्याने वाढला, किंमत उतरली. ज्या घरात ठशाची चादर कधी येऊ शकली नसती, तिथे त्याच नक्षीची चादर आली. परदेशच्या मोठ्या मागण्या वेळेत पुऱ्या करता येऊ लागल्या. छिपा कुटुंबात न जन्मलेल्या, पोटासाठी गाव सोडून आलेल्या मजुरालाही काम मिळाले. हे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

तोटेही तितकेच खरे. जे काम शिकायला वर्षे लागत, ते आता काही दिवसांत शिकता येऊ लागले. आणि जो काही दिवसांत तयार होतो त्याला काही मिनिटांत काढूनही टाकता येते. कसबाची किंमत उतरली तशी घासाघीस करण्याची ताकदही उतरली. ठशाचा कारागीर स्क्रीनच्या भावाशी स्पर्धा करू शकेना. अनेकांनी ठसा खाली ठेवला. २०१० साली सांगानेरी हातछपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. स्क्रीनवर छापलेला माल हातछपाई म्हणून विकला जाऊ नये, हा त्याचा एक हेतू. मानांकन हवेच. पण आपल्या पैठणीला आणि कोल्हापुरी चपलेलाही ते मिळाले आहे, आणि त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे नाही. नावाची किंमत वाढली तर तिच्यातला वाटा कारागिराला आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो.

आता पाण्याचा हिशेब. छापलेले आणि रंगवलेले कापड धुवावे लागते. ठशांच्या काळात उत्पादन मर्यादित होते आणि रंगही बरेचसे वनस्पती व खनिजांपासून बनत. स्क्रीनबरोबर रासायनिक रंग आले आणि धुलाईही कैक पटींनी वाढली. जयपूरमधून सुमारे ४७ किलोमीटर वाहणारी द्रव्यवती नदी लोकांच्या तोंडी अमानीशाह नाला झाली होती, ती सांगानेरच्या रंगीत सांडपाण्याने आणखीच बिघडली. त्या पाण्यावर पुढे भाजीपाला पिकत होता. प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयात गेले. २००३ च्या निकालात न्यायालयाने, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची भरपाई केली पाहिजे, हे तत्त्व सांगानेरच्या कापड कारखान्यांना लावले. पुढे २०१६ पासून नदीच्या पुनरुज्जीवनाचे मोठे काम सरकारी खर्चाने हाती घेण्यात आले.

यातला धडा लक्षात घ्यावा. स्वस्त चादरीच्या किमतीत नदीची किंमत धरलेली नव्हती. ती शेतकऱ्याने, नदीकाठच्या रहिवाशाने आणि शेवटी कर भरणाऱ्या सर्वांनी दिली. तसेच रंगात हात घालणाऱ्या मजुराची त्वचा आणि फुप्फुसेही त्या किमतीत धरलेली नव्हती. जर्मनीने १९९४ साली काही घातक अॅझो रंगांच्या कपड्यांवर बंदी घातली, त्यानंतर नव्वदच्या दशकातच आपल्या सरकारनेही तशी बंदी आणली. बंदी योग्यच होती. पण तिचा क्रम पाहा. ते कपडे अंगावर घालणाऱ्या परदेशी ग्राहकाच्या त्वचेची काळजी आधी झाली, त्या रंगाच्या बादलीत रोज हात बुडवणाऱ्या मजुराची नंतर. आणि न्यायालयाच्या दट्ट्याने कारखाना बंद पडला किंवा हलला, तर रोजगार बुडतो तोही त्याच मजुराचा. नदी वाचवायची की नोकरी, असा पेच कामगारापुढे उभा केला जातो. हा पेच खोटा आहे. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून उत्पादनात धरला असता, तर तो उभाच राहिला नसता.

तिसरी पायरी संगणकावरच्या छपाईची. नक्षी संगणकात भरायची, यंत्र शाई फवारून थेट कापडावर उतरवते. ना ठसा, ना जाळी. या पद्धतीत रंग वाया कमी जातो आणि पाणीही स्क्रीनच्या मानाने कमी लागते. पर्यावरणाच्या दृष्टीने ही पुढची पायरी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण टेबलाभोवती जिथे मजुरांच्या जोड्या राबत होत्या, तिथे यंत्रावर लक्ष ठेवायला मोजकी माणसे पुरतात. आणि यंत्र महाग असल्यामुळे ज्याच्याकडे भांडवल आहे तोच ते घेतो. हात आणि ठसा कारागिराच्या मालकीचे होते. लाखांचे यंत्र त्याच्या मालकीचे होऊ शकत नाही. बदलाचा खरा सांधा येथे आहे.

हे सांगानेरपुरते नाही. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९१३ साली मोटारीच्या जुळणीसाठी सरकता पट्टा सुरू केला. साडेबारा तासांच्या आसपास लागणारे सांगाड्याच्या जुळणीचे काम दीड तासावर आले. मोटार स्वस्त झाली. पण एकच हालचाल दिवसभर करण्याला कंटाळून कामगार इतक्या वेगाने सोडून जाऊ लागले, की जागा टिकवण्यासाठी वर्षभरात कितीतरी पट माणसे भरावी लागत. १९१४ साली फोर्डने रोज पाच डॉलर आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला, तो काही निव्वळ दयाबुद्धीने नव्हे. पुढे जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी दुसरी रीत बसवली. माल साठवायचा नाही, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच आणायचा. दोष दिसला तर साध्या कामगारानेही दोरी ओढून संपूर्ण पट्टा थांबवायचा. कामगाराच्या नजरेवर एवढा विश्वास टाकणे ही मोठी गोष्ट होती. पण ती रीत जगभर गेली तेव्हा साठा कमी करण्याचा भाग मालकांनी उत्साहाने उचलला, दोरीचा भाग मात्र पुष्कळ ठिकाणी शोभेपुरता राहिला. ज्याची नोकरी कंत्राटी आहे आणि मागे संघटना नाही, तो दोरी ओढायला धजेल कसा?

महाराष्ट्राचा अनुभवही विसरू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद राहिल्या, पण कापड बाजारातून नाहीसे झाले नाही. ते भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणले जात होते. तेव्हा आधुनिक पद्धती म्हणजे मोठा कारखानाच, हा समज सोडून दिला पाहिजे. मोठ्या कारखान्याचे तुकडे करून ते गल्लीबोळांत पसरणे, जिथे हजेरीपुस्तक नाही आणि संघटना नाही, हीसुद्धा आधुनिक पद्धतच आहे. सांगानेरच्या गल्ल्या आणि भिवंडीच्या गल्ल्या याबाबतीत सख्ख्या बहिणी आहेत.

कायद्यानेही या तुकडे पाडण्याला वाट करून दिली. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० आणि विजेवाचून चालणाऱ्या जागी २० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. राजस्थानने २०१४ साली दुरुस्ती करून ही मर्यादा २० आणि ४० वर नेली. तीच वाढीव मर्यादा केंद्राच्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता देशभर लागू झाल्या. सर्व कामगारांना नेमणूकपत्र मिळण्याची तरतूद या संहितांत आहे, तिचे आम्ही स्वागतच करतो. पण १५ कामगारांचा विजेवर चालणारा छपाईखाना कारखान्याच्या व्याख्येतूनच निसटतो, त्याचे काय?

मग यंत्राने कधी कामगाराचे भलेच केले नाही का? केले आहे, आणि त्याचेही उदाहरण सांगानेरातच आहे. येथील कागझी कुटुंबे पूर्वापार हातकागद बनवत आली. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचे नाव याच धंद्यावरून पडले. चिंध्या कुटून लगदा करणे हे त्यातले सर्वांत कष्टाचे काम. आता ते बीटर यंत्र करते. पण पाण्यातून चौकट उचलून कागदाचा ताव धरणे हे कसब अजून माणसाच्या हातात आहे. कापड उद्योगातील सुती कातरणे येथे कच्चा माल होतात, त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. यंत्राने कंबर मोडणारे काम घेतले आणि कसबाचे काम माणसाकडे ठेवले. हाच विचार वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योगांसाठी मांडला होता. सांगानेरच्या राष्ट्रीय हातकागद संस्थेला त्यांचे नाव आहे ते योग्यच आहे.

आता आपल्या घरचे पाहू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्यात पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी. त्यापूर्वी शेकडो टपाल कचेऱ्यांची नावे आणि मार्ग तोंडपाठ असणे हे आर.एम.एस.मधल्या सॉर्टरचे कसब होते. सहा आकड्यांनी ते कसब बरेचसे अनावश्यक केले. स्क्रीनने छिप्याचे जे केले, तेच पिनकोडने सॉर्टरचे केले. पुढे मुंबईत १९९३ साली आणि चेन्नईत १९९६ साली टपालाची वर्गवारी करणारी स्वयंचलित यंत्रेही आली. तरी सॉर्टरची चूल विझली नाही. का? कारण त्याची नोकरी कायम होती, वेतन उक्ते नव्हते आणि मागे संघटना उभी होती. रेल्वेतही तसेच घडले. ब्रॉडगेजवरून वाफेची इंजिने १९९५ च्या अखेरीस निवृत्त झाली. कोळशाची खोरी ओढून छाती भाजून घेणाऱ्या फायरमनच्या कामाबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. त्या कामगारांना डिझेल आणि विजेच्या इंजिनांवर नवे काम शिकवता आले, कारण ते खात्याचे कर्मचारी होते. एल.एच.बी. डबे अपघातात एकमेकांवर सहसा चढत नाहीत, त्यामुळे माणसे वाचतात. अशा यंत्राला विरोध करणारी संघटना आपली नव्हे.

म्हणजे यंत्र तेच, परिणाम दोन. फरक यंत्रात नाही, नोकरीच्या स्वरूपात आहे. आणि नेमके तेच स्वरूप आज आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे. १९९०-९१ मध्ये रेल्वेने सुमारे ३२ कोटी टन माल वाहिला, २०२३-२४ मध्ये १५८ कोटी टनांहून अधिक. याच काळात कर्मचाऱ्यांची संख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती ती बारा लाखांच्या घरात आली. यातला काही भाग नव्या यंत्रांचे श्रेय आहे. पण डब्यातील सफाईपासून देखभालीपर्यंत जे काम कंत्राटदाराच्या माणसांकडे गेले, ती माणसे या संख्येत दिसत नाहीत. टपालात २०२५ साली नवी संगणक प्रणाली आली, १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. दुसरीकडे अडीच लाखांहून अधिक ग्रामीण डाक सेवक अजूनही खात्याचे नियमित कर्मचारी मानले जात नाहीत. सांगानेरचा उक्ता मजूर आणि आपण यांच्यातले अंतर वाटते तितके लांब राहिलेले नाही.

म्हणून आमची भूमिका आम्ही चार मुद्द्यांत मांडतो. पहिला, नवे यंत्र किंवा नवी प्रणाली येण्यापूर्वी संघटनेशी चर्चा झाली पाहिजे, आल्यानंतर माहितीपत्रक नको. दुसरा, ज्याचे काम यंत्र घेईल त्याला पूर्ण पगारी प्रशिक्षण आणि त्याच दर्जाची दुसरी जागा. यंत्रामुळे वाचलेला वेळ प्रथम कामगाराच्या विश्रांतीत दिसला पाहिजे. गाडी चालवणाऱ्याची सलग ड्यूटी आणि ट्रॅकमनची रात्रीची गस्त यांत तो अजून दिसलेला नाही. तिसरा, कायमस्वरूपाचे काम करणाऱ्याला कायम नोकरी, आणि तोवर कंत्राटी कामगाराला आपल्या संघटनेचे दार उघडे. चौथा, सुरक्षिततेचा आणि प्रदूषणाचा खर्च उत्पादनाच्या खर्चातच धरला जावा, तो मजुराच्या अंगावर किंवा नदीच्या पाण्यात ढकलला जाऊ नये.

सांगानेरच्या कारागिरासाठीही आपल्याला काही करता येण्यासारखे आहे. २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रांतून लहान कारागीर आपला माल टपालाने थेट परदेशी पाठवू शकतो, आणि त्याच वर्षापासून 'एक स्थानक एक उत्पादन' योजनेत स्थानकांवर स्थानिक वस्तूंना जागा मिळते. या दोन्ही खिडक्यांच्या अलीकडे आपलाच माणूस बसलेला असतो. निर्यातीचा फॉर्म भरता न येणाऱ्या कारागिराला आपल्या टपाल बंधूने पाच मिनिटे जास्त दिली, स्थानकावरच्या गाळ्यात कारागिराऐवजी दलाल बसला असेल तर आपल्या शाखेने ते वरिष्ठांच्या नजरेस आणले, तर मधल्या हातांचा एक तरी थर कमी होईल.

माल साठवायचा नाही, वेळेवर आणायचा, या नव्या रीतीचा एक अर्थ आपण नीट ओळखला पाहिजे. कारखान्याचे गोदाम आता आपल्या रुळांवर आणि आपल्या टपालाच्या थैल्यांत आले आहे. त्यामुळे आपल्यावरचा ताण वाढला, तशी आपली जबाबदारी आणि आपली ताकदही वाढली. ती ताकद केवळ आपल्या वेतनश्रेणीपुरती वापरायची, की कंत्राटी सफाई कामगार, ग्रामीण डाक सेवक आणि सांगानेरचा छपाई मजूर यांनाही बरोबर घ्यायचे, हे ठरवण्याची वेळ आली आहे. येत्या शाखा सभांच्या विषयपत्रिकेवर हा विषय अवश्य घ्यावा, आपल्या खात्यात गेल्या पाच वर्षांत कोणते यंत्र आले आणि त्याने कुणाचे काय झाले, याची नोंद करावी आणि ती महासंघाच्या कचेरीकडे पाठवावी. अशा नोंदी हाताशी असल्या तरच चर्चेच्या टेबलावर व्यवस्थापनाच्या आकड्यांना आपल्याला आपल्या आकड्यांनी उत्तर देता येईल.